दोनशे पावलांची एक फेरी

६ जानेवारी

चि. धाकट्या,
पोटभर आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, कारण चष्मा. तो हरवला म्हणून दोन दिवस घर धुंडाळलं आणि मग कळलं की मी त्याच्यावरच बसले होते. दांडी जोडून घेतलीय, पण ओळ जरा तिरकी दिसते. अक्षर तिरकं आलं तर मान तिरकी करून वाच. फोन तुला ऐकू येत नाही. मोटारी रिवाइंड करण्याच्या चाळीस वर्षांत तू कान खर्ची घातलेस आणि मी चौथीनंतर शाळा सोडली, तेव्हा आपल्याला एकमेकांचं जमेल तेवढंच जमायचं.

कामाचं बोलते. तुझे भावोजी बेकरीवाल्याला बिस्किटांचे लाकडी साचे कोरून देतात हे तुला माहीतच आहे. मासा, पान, होडी, घर, असे बारा. बेकरीच्या फडताळाला वाळवी लागली आणि साचे पोखरले गेले. बेकरीवाला आला नि म्हणाला, बाराच्या बारा नवे करून द्या. ह्यांनी त्याच्या बापाला शब्द दिलेला, की मी आहे तोवर या बेकरीत साचा माझ्या घरचा. पण दोन वर्षं झाली, ह्यांचा हात थरथरतो. पटाशी धरली की ती टकटक वाजते. बेकरीवाला भला माणूस आहे, पण फेब्रुवारीअखेर साचे मिळाले नाहीत तर प्लास्टिकचे मागवीन, असं जाता जाता सांगून गेला. त्या दिवसापासून हे जेवताना बोलत नाहीत.

आता आपली भिंगरी. माझ्या थोरल्या मुलाची लेक, कॉलेज संपवून आमच्याकडे राहायला आलीय. दिवसा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत जाते आणि संध्याकाळी ह्यांच्या कारखान्याच्या खोलीत एक मशीन बांधते. सीएनसी म्हणतात. मी बघून बघून शिकले ते सांगते. टेबलाएवढी लोखंडी चौकट, तिच्यावर एक कोरणारं टोक. ते टोक डावी-उजवीकडे जातं, पुढे-मागे जातं, वर-खाली होतं. तीन दिशा, तीन मोटारी. कॉम्प्युटरमध्ये चित्र घातलं की टोक ते लाकडात कोरतं. पण या मोटारी तुझ्या पंपाच्या मोटारीसारख्या गरगर फिरत नाहीत. त्यांना स्टेपर म्हणतात. एकेक पाऊल टाकतात आणि दोनशे पावलं झाली की एक फेरी. पाऊल कधी टाकायचं ते सांगायला पोस्टाच्या तिकिटाएवढी हिरवी पट्टी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती मोटारीला घोट घोट वीज पाजते. भिंगरी म्हणते, या मोटारीला डोळे नाहीत, पाऊल चुकलं तरी तिला कळत नाही, ती पुढचं मोजत राहते. मी म्हटलं, आमच्या शेजारणीच्या विणकामासारखं झालं. टाका सुटला तरी बाई स्वेटर पुरा करते आणि मग एक बाही नवऱ्याला येते नि दुसरी मुलाला.

दुकानदारानं दोन जातीच्या मोटारी आठवडाभर तपासायला दिल्यात. एक मध्यम, एक मोठी. कोणती घ्यावी? भिंगरीला न सांगता तुला विचारतेय.
तुझी ताई

१२ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.
मोठी घ्या. चप्पल आणि मोटार एक नंबर मोठी असावी असं माझं आयुष्यभराचं मत आहे. लहान मोटारीवर लोड टाकून ती जाळून आणलेली गिऱ्हाइकं मी हजारांनी पाहिली. मोठी मोटार घेऊन रडत आलेला एकही नाही.
मुलगी एवढं करते हे वाचून बरं वाटलं. भावोजींचं वाचून वाटलं नाही. त्यांना म्हणावं, माझे कान गेले तरी दुकान चालू आहे. मोटारीच्या अंगावर बोटं ठेवली की आतलं सगळं समजतं.
तुझा,
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्या,
आशीर्वाद. तुझं मत मी माझंच म्हणून भिंगरीला सांगितलं. म्हटलं, बाई, मला आपलं वाटतं मोठी घ्यावी. वाटलं होतं हसेल. हसली नाही. म्हणाली, मलाही आधी तसंच वाटलेलं आजी, चल, मोटारींनाच विचारू.

मग काय केलं असेल? मोटार टेबलाच्या कडेला घट्ट आवळली, तिच्या दांड्यावर चाक बसवलं, चाकाला दोरी आणि दोरीला माझी भाजीची पिशवी. पिशवीत तराजूची वजनं. मला वही दिली नि म्हणाली, आजी, तू लिहायचं, मी सांगत नाही, तुला दिसेल तेच लिही. मी साक्षीदार. जन्मात पहिल्यांदा माझ्या अक्षराला कुणी किंमत दिली.

मोठीनं हळू हळू साडेसात किलो उचलले. मध्यमनं तीन. मी भिंगरीकडे बघितलं, की झालं की गं. ती म्हणाली, थांब. मग वेग वाढवला. मोठीच्या पिशवीत एकच किलो ठेवला होता, तरी ती नुसती गुरगुरली, जागच्या जागी कापली आणि बसली. पिशवी धप्पकन खाली. मध्यमनं त्याच वेगात दोन किलो सरसर वर नेले. मी पुन्हा करायला लावलं. तीनदा केलं. तीनदा तेच.

मी विचारलं, असं कसं? तर म्हणाली, मोठीच्या पोटात तारेचे वेढे जास्त, वीज आत शिरायलाच वेळ लागतो. हळू चाललं तर पोचते. घाई केली तर वीज भरायच्या आत पुढच्या पावलाची वेळ होते. आपली वीज देणारी पेटी लहान, ड्रायव्हर लहान, त्यांना मध्यमच झेपते. मोटार एकटी निवडायची नाही आजी, पेटी, ड्रायव्हर आणि मोटार अशी तिघांची जोडी जमवायची.

धाकट्या, मी तुला काय सांगू. मी एवढी वर्षं संसार केला, पण कुणी मला एखादी गोष्ट इतकी नीट उलगडून सांगितली नव्हती. एरवी "तुला नाही कळायचं" यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. त्या पोरीच्या तोंडात हा शब्दच नाही. हातपण कसे, ह्यांच्यासारखे. स्क्रू आवळताना जीभ दातांत धरते, अगदी तशीच.

हे त्या खोलीत येतात, आपल्या जागी पाठ करून बसतात आणि जुन्या पटाश्यांना धार लावतात. परवा म्हणाले, यंत्राला लाकडाची शीर कळते का? भिंगरी म्हणाली, नाही कळत, ती तुम्ही सांगायची.

एक विचारायचं राहिलं. दोन तास चालवल्यावर मोटारीला हात लावला तर चटका बसला. भिंगरी म्हणते ठीक आहे. पण मला काळजी वाटते. ड्रायव्हरवर एक बारीक स्क्रू आहे, उजवीकडे फिरवला की मोटारीला वीज जास्त, डावीकडे की कमी, एवढं मी पाहून ठेवलंय.
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.
आधी माझी हार मान्य करतो. वेढे जास्त असले की वीज आत शिरायला आळस करते ही गोष्ट मला उस्तादाचा मार खाऊन दहा वर्षांनी समजली. तिनं ती भाजीच्या पिशवीत समजून घेतली. तुझी वहीतली पानं मला नकलून पाठव. दुकानात लावीन.
आता चटक्याचं. त्यात मात्र मी ऐकायचा नाही. नियम असा. चालू मोटारीवर तळहात ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर मोटार जगेल. नाही टिकला तर आतल्या तारेवरचं व्हार्निश भाजतंय. एक दिवस वास येईल आणि संपलं. वीज कमी करायला सांग.
धाकटा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
आशीर्वाद. आज जास्त लिहीत नाही. गुडघा दुखतोय आणि मनही ठिकाणावर नाही.

मशीन बिघडलं. म्हणजे चालतं, पण चुकतं. भिंगरीनं जुन्या पोखरलेल्या साच्यांवरून चित्रं उतरवून घेतली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मासा कोरायला लावला. अर्धा मासा देखणा झाला. मग मध्येच सगळं बोटभर सरकलं, शेपूट पोटातून निघाली. दुसरा ठोकळा, तेच. पान घेतलं, देठ भलतीकडे. होडी घेतली, शीड पाण्यात. चार ठोकळे गेले. ह्यांनी माळ्यावर आठ वर्षं वाळवून ठेवलेलं लाकूड ते. एकंदर पंधराच होते.

पोर डोकं धरून बसली. म्हणाली, मी चुकले आजी, मोठीच घ्यायला हवी होती, सगळे सांगत होते. दुकानदाराकडे जाऊन बदलून आणते म्हणतेय. ती स्वतःला चुकीची म्हणाली ना, ते माझ्या काळजाला लागलं. हे पाठ करून बसलेले, त्यांनी सगळं ऐकलं असणार.

फेब्रुवारी संपायला दिवस किती राहिले ते तूच मोज.

तो स्क्रू डावीकडे पाव फेरी फिरवला तर ते फार होतं का रे? सहज विचारतेय.
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.
सहज विचारणारी माणसं मी चाळीस वर्षं दुकानात पाहिलीत. "फ्यूजच्या जागी सहज तार घातली तर चालेल का हो", असं विचारत येतात आणि काखेत जळालेली मोटार असते.
ताई, स्क्रू तू फिरवलास.
पत्र वाचून मी इथल्या पार्टवाल्याकडे गेलो. त्याला विचारलं, त्यानं पाटीवर उत्तर लिहिलं. त्यानं या मोटारीचा कागद काढून दाखवला. ती जात उभी असतानाही वीज खाते आणि ऐंशी अंशांपर्यंत तापली तरी तिला काही होत नाही. म्हणजे तिच्यावर तळहात चारच आकडे टिकायचा आणि ते बरोबरच. माझा दहाचा नियम पंपाच्या मोटारीचा. मी जी मोटार कधी हातात धरली नाही तिला तो लावला. वीज कमी पडली, म्हणून ताकद कमी पडली, म्हणून जड लाकडात पावलं गळली. मुलीची निवड बरोबर होती.
आजच्या आज तिला सांग. तिनं मोटारी बदलून आणायच्या आत सांग. दोष माझ्या नावावर घाल, हे पत्र दाखव.
धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
आशीर्वाद आणि शिवाय आणखी आशीर्वाद, कारण तुझं पत्र आलं तेव्हा भिंगरी मोटारी खोक्यात भरत होती.

पत्र मी आधी पदरात लपवलं. मग म्हटलं, म्हातारे, चोरी केलीस ती केलीस, आता पोरीला दुकानापर्यंत हेलपाटा घालायला लावू नकोस. तुझं पत्र दाखवलंच नाही. म्हटलं, भिंगरी, त्या तिन्ही पट्ट्यांवरचे स्क्रू मी फिरवलेत. तू कामाला गेलीस तेव्हा, वीज बंद करून, तुझ्याच छोट्या पेचकसानं. मोटार भाजतेय असं वाटलं म्हणून.

तिनं हातातली मोटार खाली ठेवली. मी ओरडा खायच्या तयारीनं उभी. ह्यांचं धार लावणं थांबलं. मग तिनं विचारलं,

"किती फिरवलेस?"

"पाव पाव फेरी. डावीकडे."

"तिन्ही सारखेच?"

"म्हणजे काय, बोटानं खूण करून फिरवले."

आणि ही हसायला लागली की रे. डोळ्यांत पाणी आणि हसतेय. म्हणाली, आजी, म्हणजे माझं गणित बरोबर होतं. मी आठवडाभर झोपले नाही गं. मग मोटारी खोक्यातून काढल्या, मीटर आणलं, त्याची एक काडी स्क्रूला आणि एक पट्टीच्या कोपऱ्याला टेकवली, आणि पेचकस माझ्या हातात दिला. तू फिरवलेस, तूच परत लाव, आकडा मी वाचते. मी म्हटलं, मला नको. तर म्हणाली, ज्यानं बिघडवलं त्याला दुरुस्त करता आलं पाहिजे, नाहीतर तो जन्मभर हात लावायला घाबरतो. बावीस वर्षांची पोर. मी केसाकेसानं फिरवला. थांब म्हणाली तिथं थांबले. तिन्ही लावले. मी, चौथी पास.

उरले ठोकळे अकरा, साचे हवेत बारा. भिंगरी लाकूड विकत आणते म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा हे उठून आले. बिघडलेला मासा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, पाठ कोरी आहे. एवढंच. ठेवला नि परत गेले.

त्या पाठीवर नवा मासा कोरला. शेपटीसकट, जिथल्या तिथं. मी लगेच पीठ मळलं, दाबलं, साचा आपटला, तर मासा निघेना. सुरीनं काढला तेव्हा निम्माच आला. हे बघत होते. म्हणाले, खाचेची भिंत सरळ आहे. बिस्किटाला बाहेर यायला भिंत जराशी कलती लागते, वर रुंद, खाली अरुंद. पन्नास वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. भिंगरीनं विचारलं, किती कलती? ह्यांनी जुन्या साच्यात तिचं बोट धरून फिरवलं. हात थरथरत होता, तरी बोट बरोबर फिरलं. तिनं कोरायचं टोक बदललं, निमुळतं लावलं. मासा टपकन पडला.

आज अकरा झाले. अडलंय ते बाराव्यावर. बारावी कोंबडी. तिचा साचा वाळवीनं पार भुस्सा केलेला, चित्र उतरवायला काही उरलंच नाही. ह्यांना म्हटलं काढून द्या, तर म्हणतात, कशी होती ते आता आठवत नाही. वय झालं, दुसरं काय. मला वाईट वाटलं.
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.
मुलीला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद म्हणून लिहिलं होतं, ते खोडलं. कारागिराला नमस्कार करतात.
तू इतकी वर्षं संसार केलास तरी एक तुला समजलं नाही. भावोजींना कोंबडी आठवते. तिचं पीस न् पीस आठवतं. कागदावर रेघ काढली तर तुमच्यासमोर थरथर दिसेल, म्हणून ते नाही म्हणतात. कान गेले तेव्हा दोन वर्षं मी गिऱ्हाईक काय बोलतंय ते न ऐकताच हो हो करत होतो. ते नाटक मला ओळखू येतं.
कागद आणि पेन्सिल त्यांच्या जागेवर ठेवा आणि सगळे दुसऱ्या खोलीत जा.
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. तू सांगितलंस तसं केलं. दुपारी कागद ठेवला, मी आणि भिंगरी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलो. अर्धा किलो वाटाणे, पण एकेक शेंग आम्ही अशी सोलली की जणू आत मोती आहे. मी दारातून डोकावायला उठले तर पोरीनं माझा पदर धरून बसवलं.

संध्याकाळी हे फिरायला गेले. जागेवर कागद नव्हता. केराच्या डब्यात गोळा सापडला. भिंगरीनं तो उलगडला, टेबलावर पसरला, वरून कापड घालून इस्त्री केली. कोंबडी होती रे. मान वळवून पाठीमागे बघणारी, तीच. पण एक रेघ सरळ नाही. पाठ थरथरलेली, पंख थरथरलेले, चोचसुद्धा. मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये रेघा नीट करता येतात ना? येतात म्हणाली. एका बटणाचं काम आहे. आणि बटण दाबलं नाही. का ते मी विचारलं नाही. तिच्या दातांत जीभ होती.

सकाळी कोरायला लावली. मी शेजारी बसले. मोटारींचा आवाज मासा कोरताना वेगळा आणि आता वेगळा. कापऱ्या रेघेवरून जायचं म्हणजे क्षणात पुढे, क्षणात मागे, पुन्हा पुढे. बारीक बारीक कुजबुजत होत्या. मी मनात म्हणत होते, बायांनो, आता गाळू नका. मोठ्या मोटारीला हे जमलं नसतं, एवढं आता मलाही कळतं.

हे चहा घेऊन आले तेव्हा भिंगरी भुसा फुंकत होती. साचा त्यांच्या हातात दिला. ह्यांनी खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. मग खाचेतून बोट फिरवलं. पाठीवरून, पंखावरून. त्यांचं बोट थरथरत होतं आणि खाचही तशीच, तर बोट कुठे अडलं नाही.

म्हणाले, "माझी थरथरसुद्धा कोरलीस?"

भिंगरी म्हणाली, "आजोबा, एकही पाऊल गाळलेलं नाही."

ह्यांनी साचा टेबलावर ठेवला. मग जाऊन आपलं स्टूल उचललं आणि मशीनच्या शेजारी आणून ठेवलं, आणि तिला म्हणाले, चोच थोडी खोल हवी, पीठ तिथं चिकटतं. ती म्हणाली, किती? झालं, दोघं लागले.

अठ्ठावीसला बेकरीवाला आला. बाराही साचे हातात घेऊन, आपटून, वास घेऊन बघितले. कोंबडीवर थांबला. म्हणाला, हिची पिसं खरी वाटतात, आधीची अशी नव्हती. मग ह्यांच्या हाताकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि जरा चाचरत विचारलं, शब्द तुमचा होता, साचा कोणाचा म्हणायचा? ह्यांनी एका दमात सांगितलं, की मासा, पान, होडी सगळे नातीचे, कोंबडी आम्हा दोघांची, आणि पुढच्या खेपेपासून तिच्याशी बोलायचं, मी फक्त चुका काढायला बसतो.

बेकरीवाल्यानं बारा साचे गोणपाटात गुंडाळले. प्लास्टिकचं नाव काढलं नाही. काल पहिली भट्टी लावली आणि डबाभर बिस्किटं पाठवलीत. त्यातल्या चार कोंबड्या मी तुझ्यासाठी कापसात बांधून याच पत्राबरोबर धाडतेय. वाटेत मोडल्या तर तुकडे खा, पण खाण्याआधी पाठीवरून एकदा बोट फिरव. तुला कानांची गरज पडायची नाही.
तुझी ताई